फुकट मिळणारे शिक्षण आणि आपली वही

घरबसल्या, शुल्क न भरता काय काय शिकता येते, या विषयावर प्रश्न पाठवावेत, असे आवाहन मागील अंकात या सदरातून केले होते. आलेल्या पत्रांपैकी सात पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत. अनेक वर्षे महाविद्यालयात गणित शिकवल्यानंतर, निवृत्त झाल्यापासून मी स्वतः याच मार्गाने शिकत आहे, त्यामुळे काही उत्तरांमध्ये माझा स्वतःचा अनुभवही आला आहे.

प्रश्न : आम्ही दर वर्षी एकवीरेच्या दर्शनाला कार्ल्याला जातो. देवळाशेजारचे लेणे कोणी कोरले, भिंतीवरची अक्षरे काय सांगतात, असे मुलगी विचारते तेव्हा मला उत्तर देता येत नाही. बारावीनंतर शिक्षण सुटले. इतिहास नीट शिकावा असे मनात आहे, पण मोबाइलवर शोधू लागले की इतके काही समोर येते, की कुठून सुरुवात करावी तेच कळत नाही. (गृहिणी, वय ४७, मावळ)

ताई, सुरुवात तुमच्या हातात आधीच आहे. ती म्हणजे मुलीचा प्रश्न. ‘इतिहास शिकायचा’ असे म्हटले की समुद्रासमोर उभे राहिल्यासारखे होते, पण ‘कार्ल्याचे लेणे कोणी कोरले’ असे म्हटले की पायाखाली वाट सापडते. सहा महिने हा एकच प्रश्न धरून ठेवा आणि जे काही वाचाल, ऐकाल, ते त्या प्रश्नाच्या कामाचे आहे का, एवढेच पाहा.

पहिला थांबा मराठी विश्वकोश. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाईत उभा राहिलेला हा ग्रंथराज आता संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य वाचता येतो. लेणी, सातवाहन, बौद्ध धर्म या विषयांवरील नोंदी सावकाश वाचा आणि न कळलेले शब्द वहीत उतरवा. चैत्य म्हणजे काय आणि विहार म्हणजे काय, हा फरक तुम्हाला स्वतःच्या शब्दांत लिहिता आला की पहिला टप्पा झाला. दुसरा थांबा म्हणजे जुनी गॅझेटियरे, म्हणजे इंग्रजी राजवटीत निघालेले जिल्ह्यांच्या माहितीचे ग्रंथ. पुणे जिल्ह्याचा खंड १८८५ मध्ये निघाला, तो मुंबई इलाख्याच्या मालिकेतील अठरावा खंड आहे आणि त्यात कार्ल्याचे सविस्तर वर्णन आहे. तो इंग्रजीत आहे, पण इंटरनेट अर्काइव्ह या संकेतस्थळावर फुकट मिळतो. मुलीला सोबत घेऊन रोज अर्धे पान वाचा. ती इंग्रजी वाचेल, अर्थ लावायला तुम्ही मदत कराल. हिंदी वाचण्याची सवय असेल तर इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची पाठ्यपुस्तके ई-ज्ञानकोश या भांडारात हिंदीतही ठेवलेली आहेत. प्राचीन भारताच्या इतिहासाची प्रकरणे तेथून उतरवून घेता येतात आणि त्यासाठी त्या विद्यापीठाचे विद्यार्थी असावे लागत नाही.

आता त्या अक्षरांविषयी, कारण तुमच्या पत्रातील मला सर्वांत आवडलेली गोष्ट तीच आहे. ती लिपी ब्राह्मी आहे. जेम्स प्रिन्सेप यांनी १८३७ मध्ये ती उलगडली, त्याआधी शेकडो वर्षे ती वाचणारे कोणी उरले नव्हते. ब्राह्मीचे तक्ते विनामूल्य मिळतात आणि तिची अक्षरे आपल्याला वाटते तेवढी अवघड नाहीत. ‘क’ म्हणजे अधिकाचे चिन्ह. ‘ग’ म्हणजे घराच्या कौलारू छपरासारखा उलटा कोन. ‘ठ’ म्हणजे साधे वर्तुळ, आणि त्याच वर्तुळात मध्ये टिंब दिले की ‘थ’. रोज चार अक्षरे वहीत गिरवलीत तर दोन आठवड्यांत बहुतेक वर्णमाला हाताखालून जाईल. कार्ल्याच्या लेखांमधील अक्षरे या जुन्या वळणापेक्षा थोडी बदललेली आहेत, पण ओळख पटण्याइतकी जवळची आहेत. त्यानंतर पुढच्या यात्रेला जाल तेव्हा व्हरांड्याच्या डाव्या टोकाशी थांबा. तेथील लेखात वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या शेठीने, म्हणजे व्यापाऱ्याने, हे शैलगृह पूर्ण केले आणि ते जंबुद्वीपात उत्तम आहे, असे कोरलेले आहे. वैजयंती म्हणजे आजच्या कर्नाटकातील बनवासी असे मानले जाते. आतल्या खांबांवर धेनुकाकट येथील यवनांची, म्हणजे परदेशी वंशाच्या दात्यांची नावे आहेत. एका खांबावरील दोन अक्षरे जरी तुमच्या मुलीला तुम्ही स्वतः वाचून दाखवू शकलात, तरी तिच्या प्रश्नाचे उत्तर तुम्ही दगडावरून दिलेले असेल.

पदवी पूर्ण करण्याची इच्छा असेल तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ मराठीतून शिकवते. १९८९ मध्ये ते शिक्षण सुटलेल्यांना डोळ्यांसमोर ठेवूनच स्थापन झाले. तेथे शुल्क भरावे लागते. मात्र पदवी आणि वर सांगितलेला अभ्यास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अभ्यास आजपासून सुरू करा, पदवीचा निर्णय वर्षभराने घ्या.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात आहे. ‘स्वयम्’वरील एनपीटीईएलचे कोर्स फुकट आहेत असे म्हणतात, मग परीक्षेचे पैसे कशाला? त्या प्रमाणपत्राला किंमत आहे का, आणि क्रेडिट मिळतात का? (विद्यार्थी, जळगाव)

शिकणे फुकट आहे आणि परीक्षा देणे ऐच्छिक आहे, हे आधी लक्षात घ्या. एनपीटीईएल हा मुक्त व्याख्यानांचा उपक्रम २००३ मध्ये सात आयआयटी आणि बंगळूरुची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून सुरू केला. ‘स्वयम्’ हे केंद्र सरकारचे ऑनलाइन शिक्षणाचे व्यासपीठ २०१७ मध्ये आले आणि एनपीटीईएल त्याच्या राष्ट्रीय समन्वयकांपैकी एक आहे. व्याख्याने, लेखी साहित्य, दर आठवड्याचा स्वाध्याय आणि शंका विचारण्याची सोय, हे सर्व नोंदणी करणाऱ्या प्रत्येकाला विनाशुल्क मिळते. प्रमाणपत्र हवे असेल तर मात्र केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन, ओळखपत्र दाखवून परीक्षा द्यावी लागते आणि शुल्क त्या व्यवस्थेचे असते. अनेक वर्षे ते एका कोर्सला १,००० रुपये राहिले आहे.

गुणांची विभागणी अशी, की २५ गुण स्वाध्यायांचे आणि ७५ परीक्षेचे. बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये सर्वोत्तम आठ स्वाध्याय धरले जातात. म्हणजे एखादा आठवडा आजारपणात किंवा घरच्या लग्नात गेला तरी बिघडत नाही, पण ‘शेवटी सगळे एकदम करू’ म्हणणाऱ्याला येथे वाव नाही, कारण प्रत्येक स्वाध्यायाची तारीख निघून गेली की तो बंद होतो. आणखी एक गोष्ट कळकळीने सांगते. कोर्ससाठी नोंदणी आणि परीक्षेसाठी नोंदणी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, आणि दुसरीची मुदत कोर्स चालू असतानाच संपते. माझ्या ओळखीच्या एका मुलीने बाराही स्वाध्याय वेळेवर दिले, आणि परीक्षेचा अर्ज भरायचा राहून गेल्यामुळे तिची मेहनत कागदावर आलीच नाही.

क्रेडिटविषयी, म्हणजे पदवीत धरल्या जाणाऱ्या श्रेयांकांविषयी : विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये एका सत्रातील २० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’वरून करण्यास मुभा दिली होती आणि २०२१ च्या विनियमांनी ती मर्यादा ४० टक्क्यांपर्यंत नेली. परंतु ही मुभा आहे, सक्ती नाही. कोणता कोर्स कोणत्या विषयाच्या जागी धरायचा, हे तुमच्या विद्यापीठाने किंवा स्वायत्त महाविद्यालयाने आधी ठरवलेले असावे लागते. म्हणून नोंदणी करण्यापूर्वी विभागप्रमुखांना लेखी विचारा. नंतर विचारल्यास उत्तर बहुधा नकारार्थी येते.

किंमत म्हणाल, तर मुलाखत घेणारा माणूस प्रमाणपत्रावरच्या नावाकडे क्षणभर पाहतो आणि मग त्या विषयातील प्रश्न विचारतो. तुम्ही उत्तर देऊ शकलात तर त्या कागदाला मोल येते.

प्रश्न : मी वीटभट्टीवर मुकादम आहे. मुलगी मराठी माध्यमात आठवीत आहे. विज्ञान आणि गणितात तिला गोडी आहे, पण शिकवणीला पाठवण्याची ऐपत नाही. घरात एकच फोन, तोही दिवसभर माझ्याकडे असतो. डेटा रोज दीड जीबी. यात काय होऊ शकते? (पालक, बीड जिल्हा)

पुष्कळ होऊ शकते, आणि फोन तुमच्याकडे असतो त्या वेळातही होऊ शकते, हे मी मुद्दाम पहिल्याच वाक्यात सांगते.

आधी फोनविषयी. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकात धड्याशी एक चौकोनी क्यूआर कोड छापलेला असतो. दीक्षा ॲपमधून तो स्कॅन केला की त्या धड्याशी संबंधित साहित्य उघडते आणि ते फोनमध्ये उतरवून ठेवता येते. रात्री जेवणानंतर दिवसाचा उरलेला डेटा असेल तेव्हा उद्याच्या धड्याचे साहित्य उतरवून ठेवा, म्हणजे अभ्यासाच्या वेळी नेट लागणार नाही. दुसरे, कोलोरॅडो विद्यापीठाचा फेट हा उपक्रम. भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले कार्ल वीमन यांनी तो २००२ मध्ये सुरू केला. त्यात विज्ञानाचे आणि गणिताचे प्रयोग पडद्यावर स्वतःच्या बोटाने करून पाहता येतात आणि त्यांतील अनेक प्रयोग मराठीत आहेत. विद्युत मंडलाचा प्रयोग उघडा. तिने सेल ओढून आणला, तार जोडली, दिवा लावला, की तारेतून वाहणारे ठिपके दिसतात. मंडल एका ठिकाणी तोडले की ठिपके जागीच थांबतात आणि दिवा विझतो. पुस्तकातील ‘बंद मंडल’ हे शब्द त्या क्षणी तिचे होतात. खान अकॅडमी ही नफा न घेणारी संस्था आहे, तिच्यावर जाहिराती नसतात आणि गणिताचा काही भाग तेथे मराठीतूनही आहे. या संस्थेची सुरुवातही एका घरातूनच झाली. सलमान खान नावाचे अमेरिकेतील गृहस्थ २००४ मध्ये दूर राहणाऱ्या आपल्या मामे-चुलत नात्यातील एका मुलीला फोनवरून गणित समजावून देत होते, आणि पुढे तेच धडे त्यांनी सर्वांसाठी खुले केले. घरात दूरदर्शनची फ्री डिश असेल तर तिच्यावर शैक्षणिक वाहिन्या लागतात आणि त्यांना डेटा अजिबात लागत नाही. मात्र त्यांवरील पुष्कळसे कार्यक्रम हिंदी-इंग्रजीत असतात.

आता फोनविना. पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेच्या बालविज्ञान केंद्रात अनेक वर्षे काम केलेले अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी कशी करावीत, हे शेकडो लहान चित्रफितींमधून दाखवले आहे. त्यांच्या संकेतस्थळावर मराठी पुस्तकेही फुकट आहेत. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचा आगपेटीच्या काड्यांचा खेळ तुमच्या मुलीला आजच करता येईल. सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी कोणत्याही पंक्चरवाल्याकडे मिळते. तिचे बोटाच्या पेराएवढे तुकडे कापायचे, आणि गुल उडवलेल्या काड्यांची टोके त्यात खुपसून जोड तयार करायचे. तीन काड्या आणि तीन तुकडे यांचा त्रिकोण करा आणि दाबून पाहा. तो हलत नाही. मग चार काड्यांचा चौकोन करा. तो बोटाच्या धक्क्याने कलंडतो, त्याचा समभुज चौकोन होतो. त्याच चौकोनात कर्णाच्या जागी थोडी लांब काडी बसवली की तो पुन्हा ताठ उभा राहतो. पत्र्याच्या शेडला तिरप्या पट्ट्या का मारतात, हे तुम्ही भट्टीवर रोज पाहता. तो तिरपा आधार कशासाठी, हे तुमच्या मुलीला तुम्हीच समजावून सांगू शकता, आणि ते सांगणारा वडिलांखेरीज दुसरा कोणी असू नये, असे मला मनापासून वाटते.

वेळेचे म्हणाल तर रोज रात्री अर्धा तास फोन तिचा, एवढे घरात ठरवा. त्या अर्ध्या तासात पाहिलेले तिने दुसऱ्या दिवशी वहीत लिहावे, आणि आठवड्यातून एकदा तुमच्यासमोर बसून समजावून सांगावे. तुम्हाला विषय येत नसला तरी चालेल. ती अडखळते कुठे, एवढे ऐकले तरी पुरे. जेथे ती अडखळेल तेच पान शाळेत सरांना किंवा बाईंना विचारायचे असते.

प्रश्न : ‘मोफत कोर्स, शंभर टक्के नोकरी’ अशी जाहिरात पाहून नाव नोंदवले. कोर्स झाल्यावर प्रमाणपत्रासाठी आधी पाचशे, मग ‘पडताळणी’साठी दोन हजार रुपये मागितले. आता फोन उचलत नाहीत. (तरुण, वय २२, परभणी)

तुमचे पैसे गेले याचे वाईट वाटते. १९३० या राष्ट्रीय सायबर साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि ज्या खात्यावर पैसे पाठवले त्याचा तपशील, संदेश आणि पावत्या जपून ठेवा. पुढच्या वेळेसाठी खूण सांगते : खरी विनामूल्य व्यवस्था शुल्क लागणार असेल तर ते पहिल्याच पानावर सांगते, आणि नोकरीची हमी देत नाही. कोर्सेरासारख्या परदेशी व्यासपीठांवरही ऐकणे फुकट आणि प्रमाणपत्र सशुल्क, अशी रचना पुष्कळ ठिकाणी आढळते, आणि कोणता भाग फुकट हे कोर्सागणिक बदलते. पण ते आधी वाचता येते. मोफत प्रमाणपत्रच हवे असेल तर हार्वर्ड विद्यापीठाचा सीएस-५० हा संगणकशास्त्राचा कोर्स आहे. डेव्हिड मलन तो शिकवतात, आणि सर्व स्वाध्याय व अखेरचा प्रकल्प पूर्ण करणाऱ्याला त्याचे प्रमाणपत्र विनाशुल्क मिळते. तो सोपा नाही, आणि म्हणूनच त्याला मान आहे.

प्रश्न : आयटीआय झाले आहे. संगणक शिकायचा आहे, पण सगळे इंग्रजीत असते आणि बोलणारा इतक्या वेगाने बोलतो की मी मागे पडतो. (तरुण, नांदेड जिल्हा)

तुमच्यासाठी आयआयटी मुंबईतील स्पोकन ट्युटोरियल हा प्रकल्प जणू बेतूनच केलेला आहे. प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांनी तो उभा केला. प्रत्येक पाठ साधारण दहा मिनिटांचा असतो. पडद्यावर दिसणारा संगणक इंग्रजीत आणि समजावणारा आवाज मराठीत, अशी त्याची रचना आहे, आणि तीत मोठे शहाणपण आहे. कारण उद्या कचेरीत समोर येणारा संगणक इंग्रजीतच असणार, फक्त तो समजावून घेण्यासाठी आज इंग्रजीची अट नको. लिनक्स, लिबरऑफिस, पायथन अशी मुक्त सॉफ्टवेअर त्यात शिकवली जातात, म्हणजे ती विकत घेण्याचाही प्रश्न उरत नाही.

शिकण्याची रीत त्यांनीच सांगितली आहे. अर्ध्या पडद्यावर पाठ, उरलेल्या अर्ध्यावर तेच सॉफ्टवेअर. शिकवणाऱ्याने एक कृती केली की पाठ थांबवायचा, तीच कृती आपण करायची, त्याच्यासारखेच दिसले तर पुढे जायचे. दहा मिनिटांच्या पाठाला चाळीस मिनिटे लागतात, आणि ती लागलीच पाहिजेत. वेगाची तुमची तक्रार येथे आपोआप मिटते, कारण वेग तुमच्या बोटाखाली असतो. स्वतःचा संगणक नसेल तर गावातील माहिती केंद्र किंवा तुमच्या जुन्या आयटीआयची प्रयोगशाळा यांपैकी एका ठिकाणी आठवड्यातून दोनदा बसू द्यावे, अशी विनंती करून पाहा.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. सात वर्षांचा मुलगा मराठी बोलतो, पण वाचत नाही. (आई)

बालभारतीची पहिलीपासूनची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात विनामूल्य उतरवून घेता येतात. ती छापून घ्या. अक्षर गिरवायला कागदच लागतो. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टींची सचित्र पुस्तके वाचनाच्या पातळीनुसार लावलेली आहेत आणि ती सर्व खुल्या परवान्याखाली आहेत. पहिल्या पातळीच्या पुस्तकात एका पानावर एक-दोन वाक्ये असतात; रोज झोपताना एक पुस्तक, डाव्या पानावर तुम्ही आणि उजव्यावर तो, असे वाचा. उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळाही भरतात. मुलाला आपल्यासारखीच दुसरी मुले मराठी वाचताना दिसणे ही गोष्ट कोणतेही संकेतस्थळ देऊ शकत नाही, म्हणून जवळ शाळा असेल तर अवश्य पाठवा.

प्रश्न : बँकेतून निवृत्त होऊन दोन वर्षे झाली. या काळात अकरा कोर्सना नोंदणी केली : खगोलशास्त्र, संगीत, अर्थशास्त्र, गणित, आणखीही. एकही पूर्ण झाला नाही. व्याख्याने ऐकताना सगळे समजते, पण महिन्याभरात काही आठवत नाही. वय झाले म्हणून असे होते का? (वाचक, वय ६२, मडगाव)

नाही, वयामुळे नव्हे. मुक्त कोर्सना नाव नोंदवणाऱ्यांपैकी बहुतेक जण ते पूर्ण करत नाहीत, आणि त्यांत वीस वर्षांचेही असतात. २०११ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील कृत्रिम बुद्धिमत्तेचा कोर्स तो शिकवणाऱ्या दोघांनी सर्वांसाठी खुला केला तेव्हा सुमारे १,६०,००० लोकांनी नावे घातली. शेवटपर्यंत पोहोचले ते त्यांतील थोडे. नाव नोंदवण्याला काही पडत नाही, त्यामुळे सोडण्यालाही काही वाटत नाही, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण तुमच्याच वाक्यात आहे : ‘ऐकताना सगळे समजते’.

हे माझ्याही बाबतीत घडलेले आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने आपल्या वर्गातील साहित्य जगाला फुकट देण्याचे २००१ मध्ये जाहीर केले आणि आज तेथील अडीच हजारांहून अधिक कोर्सचे साहित्य नाव न नोंदवताही पाहता येते. त्यात गिल्बर्ट स्ट्रँग यांची रेषीय बीजगणितावरील व्याख्याने आहेत. ज्यांनी २०२३ पर्यंत, म्हणजे वयाच्या ८८ व्या वर्षापर्यंत, वर्गात शिकवले, त्या माणसाचे शिकवणे पाहणे हाच एक आनंद आहे. मी पहिल्यांदा ती व्याख्याने आरामखुर्चीत बसून दहा दिवसांत दहा पाहिली. आयुष्यभर गणित शिकवलेली मी, मला सगळे ठाऊकच होते असे वाटले. मग त्याच पानावरचा स्वाध्याय उघडला, आणि तिसऱ्या उदाहरणाशी माझा हात थांबला. मी व्याख्यान पाहिले होते, शिकले नव्हते.

दुसऱ्यांदा मी वही घेऊन बसले. पहिल्याच व्याख्यानात ते दोन समीकरणे फळ्यावर लिहितात : 2x − y = 0 आणि −x + 2y = 3. मी तेथे चित्रफीत थांबवली. आलेख काढला, दोन रेषा (1, 2) या बिंदूत छेदल्या. हे शाळेतले. पुढे ते तीच समीकरणे उभी वाचतात : (2, −1) हा एक स्तंभ, (−1, 2) हा दुसरा, पहिला किती आणि दुसरा किती घ्यावा, म्हणजे बेरीज (0, 3) येईल? मी पुन्हा थांबवले आणि बाण काढले. पहिला बाण एकदा, उजवीकडे दोन घरे आणि खाली एक. त्याच्या टोकापासून दुसरा बाण दोनदा, प्रत्येक वेळी डावीकडे एक घर आणि वर दोन. पेन्सिल बरोबर (0, 3) वर जाऊन टेकली. उत्तर तेच, एक आणि दोन, पण या वेळी ते माझ्या हाताने चालत जाऊन गाठलेले होते. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या त्या व्याख्यानाला मला अडीच तास लागले आणि ते आजही पानासकट आठवते.

म्हणून आपल्याला माझी विनंती अशी. अकरांपैकी दहा नोंदण्या आज रद्द करा. कोणता ठेवावा हे ठरत नसेल, तर ज्याचा स्वाध्याय उघडून पाहावासा वाटतो तो ठेवा. ज्याची फक्त व्याख्यानेच पाहावीशी वाटतात ते संध्याकाळच्या श्रवणासाठी राहू द्या, त्यातही काही गैर नाही, मात्र त्याला कोर्स म्हणू नका. आठवड्याचे दोन वार आणि त्यांची वेळ ठरवा, बँकेत काउंटर उघडण्याची वेळ ठरलेली असे तशी. चित्रफितीपेक्षा वहीला दुप्पट वेळ द्या. मडगावात किंवा जुन्या सहकाऱ्यांत एक जण असा शोधा, की जो तोच कोर्स करील आणि दर रविवारी तुमची वही पाहील, तुम्ही त्याची पाहाल.

गणिताचा कोर्स ठेवलात, तर पहिल्या पानावर वर दिलेली दोन समीकरणे लिहा, उजव्या बाजूच्या 3 च्या जागी 6 घ्या, आणि बाण काढून पाहा. पेन्सिल कुठे टेकली ते मला पत्राने कळवा.